जुन्या प्लांटरनं सोयाबीन पेरायचं तर मिरगाच्या आधी दोन दिवस त्याला द्या

सोयाबीन नीट उगवलं नाही की पहिला राग बियाण्यावर निघतो, आणि बियाणं खराब असतंही कधी कधी, पण खाडे (न उगवलेल्या जागा) एकाच तासात, म्हणजे पेरणीच्या एकाच ओळीत, लांबच लांब दिसत असतील तर भाऊ आधी मशीन तपासा. माझं पाच फणी प्लांटर आहे, ट्रॅक्टरला जोडायचं, तिरप्या चकत्यांचं (चकती फिरते, खाच्यात दाणा उचलते अन् नळीत सोडते), सेकंड हँड घेतलेलं. एका वर्षी उंदरानं एका नळीत घर केलं होतं आणि मी न पाहता पेरत गेलो, उगवल्यावर पाहतो तर अख्ख्या वावरात दर पाचवं तास रिकामं. तेव्हापासून मे संपायच्या आत मशीन अंगणात काढतोच.

नळ्या सगळ्या उपसून घ्या, तार घालून पहा, उन्हानं तडकलेली किंवा मुरडलेली असेल तर बदलूनच टाका, चिकटपट्टी लावून भागत नाही. मग मशीन सपाट फरशीवर टेकवा, पाचही फणांची टोकं एकाच वेळी टेकली पाह्यजे. एखादा फाळ झिजून बोटभर आखूड झाला असेल तर त्या तासात बी वर राहतं आणि पाखरं टिपतात. दोन फणांतलं अंतर टेपनं मोजा, ४५ सेंटीमीटर म्हणजे आपले अठरा इंच, यू-बोल्ट ढिले झाले की ते सरकतं आणि पुढे डवरा चालवताना झाडं कापल्या जातात.

मशीनच्या चाकावरून चकत्या फिरवणारी चेन ढिली असली की स्प्रॉकेटचे (दातेरी चक्राचे) दात सोडते, तेवढ्या जागेत बीच पडत नाही. स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकडे झाले असतील तर चेन नवी टाकूनही उपयोग नाही, दोन्ही बदला. बुशांना ग्रीस द्या, पण चेनला ग्रीस थापू नका, त्यावर माती बसते आणि ती चेन खाते, तिथे पातळ ऑइल पुरे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बी किती पडतं ते मोजणं. पाच फण, अठरा इंच, म्हणजे एका खेपेत सव्वादोन मीटर रुंदी, अन् मशीन ४५ मीटर चाललं की बरोबर एक गुंठा होतो. एकरी ३० किलो पेरायचं तर गुंठ्याला ७५० ग्रॅम, म्हणजे एका नळीतून १५० ग्रॅम. मशीन उचलून खाली लाकडी ठोकळे द्या (नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली हात घालू नका), मशीनच्या चाकाला दोरी गुंडाळून घेर मोजा. माझ्या चाकाचा सव्वा मीटर भरतो, म्हणजे ३६ फेरे. पेटीत बी टाका, प्रत्येक नळीखाली पिशवी बांधा, चाक हातानं सावकाश फिरवा आणि पाचही पिशव्या वेगवेगळ्या तोला. सगळ्या सारख्याच कमी-जास्त असतील तर स्प्रॉकेट बदला, चकतीच्या बाजूचं मोठं लावलं की बी कमी पडतं. एकच पिशवी वेगळी निघाली तर दोष त्या चकतीत नाहीतर तिच्या ब्रशमध्ये आहे.

पिशवीतलं बी हातावर घेऊन पहा. डाळ झालेले, साल निघालेले दाणे दिसले तर चकतीचे खाचे छोटे आहेत किंवा कडा धारदार झाल्यात. सोयाबीनचं साल लय पातळ असतं, कोंब सालाच्या लगेच खाली, एवढासा मार बसला तरी दाणा गेला. म्हणून पोतंही उंचावरून आपटू नका. घरचं बी असेल तर ओल्या गोणपाटात १०० दाणे उगवून पहा, ७० उगवले तर एकरी ३० किलो बरोबर, ६० उगवले तर ३५ किलो धरा, त्याहून कमी असेल तर ते बी पेरूच नका. बीजप्रक्रिया केलेलं बी सावलीत पूर्ण सुकवूनच पेटीत टाका, ओलसर बी चकतीला चिकटतं.

पेरणीची घाई करू नका, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वापसा (चिखल जाऊन पेरण्याजोगी ओल) आल्याशिवाय नाही. चिखलात मशीन घातलं की काळी माती चाकाला लपेटते, चाक घसरतं, चकती फिरत नाही आणि ट्रॅक्टरवर बसलेल्याला काहीच कळत नाही, म्हणून चाकावरची माती खरवडणारी पट्टी जागेवर आहे ना ते पहा. ट्रॅक्टर हळू गिअरमध्ये, माणूस भरभर चालतो तेवढाच. फण खाली सोडायचे ते ट्रॅक्टर पुढे सरकत असतानाच, आणि फण जमिनीत असताना रिव्हर्स तर कधीच नाही, नळीत मातीचा बूच बसलाच समजा.

पहिल्या खेपेनंतर उतरा. एक मीटर तास हातानं उकरा, दाणे मोजा, साधारण २७-२८ सापडले पाह्यजे, म्हणजे त्यातून २० च्या आसपास झाडं उभी राहतात. खोली ३ ते ४ सेंटीमीटर. खोल गेलं आणि वरून पाऊस पडून पपडी धरली तर कोंबाची मान मोडते, बाहेर येत नाही. पुढचे फण उथळ आणि मागचे खोल जात असतील तर टॉप लिंकनं (ट्रॅक्टरला मशीन जोडणाऱ्या वरच्या दांड्यानं) मशीन सपाट करा. दर धुऱ्यावर पेटीत डोकावून पाचही कप्पे सारखे उतरले का ते पहा, एक भरलेलाच दिसला तर ती नळी बंद आहे. मागे माणूस पायी चालू द्या, मशीनवर उभा करू नका.

तूर घ्यायची असेल तर मधल्या कप्प्यात तूर टाका, चकती तुरीची लावा, मग दर चार तास सोयाबीनमागे एक तास तुरीचं आपोआप येतं, खेप कोणत्याही बाजूनं घ्या.

पेरणी संपली त्याच दिवशी खताची पेटी रिकामी करा. खत ओल धरतं आणि आठ दिवसात पत्रा खातं. पाण्यानं धुवा, कडक ऊन द्या, मग पत्र्यावर आणि फाळांवर जळकं ऑइल फिरवा. बियाण्याच्या पेटीत मात्र ऑइल नको, कोरड्या फडक्यानं पुसा. नळ्यांच्या तोंडात चिंध्या कोंबा, चकत्या काढून पिशवीत घालून खुंटीला टांगा, सोयाबीनची कोणती तुरीची कोणती ते रंगानं लिहून. रब्बीत हरभऱ्याला मशीन लागणारच आहे, तेव्हा चकती शोधत बसावं लागत नाही.