स्वस्त माईक तपासताना या चुका टाळा

नवा माईक हातात आला की आपल्याकडे पहिली कृती ठरलेली असते. दोन टिचक्या मारायच्या, फू फू करायचं आणि 'हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री' म्हणायचं. मांडवातल्या स्पीकरसाठी हे पुरेसं आहे, कारण तिथे वायर लागली की नाही एवढंच बघायचं असतं. पण ज्याला पाऊस, आठवडी बाजार, पहाटेची पाखरं किंवा अंगणात बसलेल्या आजीच्या ओव्या टिपायच्या आहेत, त्याला या चाचणीतून काहीही कळत नाही. तोंडापासून चार बोटांवर कुठलाही माईक बरा वाटतो. फुंकरीबरोबर बाष्प आत जातं ते वेगळंच.

हजार-दीड हजारांच्या आतल्या माईकला लोक जी नावं ठेवतात, त्यातला बराचसा दोष माईकचा नसतो, असं माझं ठाम मत आहे. दोष वाऱ्याचा असतो, अंतराचा असतो, फोनमधल्या ॲपचा असतो, नाहीतर पिनेचा. तेव्हा 'भंगार आहे' म्हणून परत पाठवण्याआधी एकेक गोष्ट वेगळी काढून तपासा.

चालू कुठला माईक आहे?

सुरुवात पिनेपासून करा. ३.५ एमएमच्या पिनेवर दोन काळ्या रेघा असतील तर ती कॅमेरा किंवा रेकॉर्डरची, तीन असतील तर फोनची. दोन रेघांची पिन सरळ फोनमध्ये घातली की फोन तिला हेडफोन समजतो आणि स्वतःच्याच माईकवरून रेकॉर्डिंग करत राहतो. फाइल तयार होते, आवाजही येतो, म्हणून संशय येत नाही. मग 'फोनच्या माईकपेक्षा काडीचाही फरक नाही' असा शेरा मारला जातो, आणि तो अक्षरशः खरा असतो!

रेकॉर्डिंग चालू ठेवून आधी बाहेरच्या माईकवर नखाने हळूच खरवडा, मग फोनच्या खालच्या कडेवरच्या बारीक भोकाजवळ. ज्याची खरखर मोठी, तो माईक चालू. जॅक नसलेल्या फोनला टाइप-सी कन्व्हर्टर लावत असाल तर तो माईकसुद्धा चालवतो का, हे विकत घेताना विचारा. काही कन्व्हर्टर फक्त ऐकण्यापुरते असतात.

बोयाचा बीवाय-एम१ हा कॉलरला लावायचा माईक आपल्याकडे घरोघरी दिसतो. सहा मीटर वायर आणि डबीवर एक बारकं बटण. फोनसाठी ते एका बाजूला, कॅमेऱ्यासाठी दुसऱ्या बाजूला. कॅमेऱ्याच्या बाजूला असताना आतला एलआर४४ सेल लागतो. बटण तसंच विसरलं की सेल संपतो आणि पुढच्या वेळी माईक मुका होतो. 'बंद पडला' म्हणण्याआधी सेल बदलून बघा.

ॲप काय करतंय ते न बघणं

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथे. फोन बनवणाऱ्यांनी माईक धरलाय तो बोलण्यासाठी. म्हणून फोन दोन गोष्टी गुपचूप करतो. हळू आवाज आपोआप वाढवतो आणि मोठा दाबतो. शिवाय जो आवाज एकसारखा चालू आहे तो नको असलेला गोंगाट समजून पुसून टाकतो. आता बघा, पाऊस हा एकसारखाच असतो. ओढाही, रातकिडेही. आपल्याला जे हवं तेच फोन खोडून टाकतो.

घरातल्या घरात तपासता येतं. मोरीतला नळ बारीक धारेवर सोडा, माईक दोन हात अंतरावर ठेवा आणि अर्धा मिनिट काहीही न बोलता रेकॉर्ड करा. ऐकताना पहिले एक-दोन सेकंद धार स्पष्ट आणि नंतर ती विझत जाऊन दूर गेल्यासारखी वाटली, तर आवाज पुसणारी यंत्रणा चालू आहे. दुसरी चाचणी टाळीची. शांत खोलीत फक्त पंखा चालू ठेवून एक जोरदार टाळी वाजवा. टाळीनंतर पंख्याची घरघर क्षणभर बुडाली आणि मग हळूहळू वर आली, तर पातळी आपोआप कमीजास्त होतेय.

यावर उपाय म्हणजे ॲप बदलणं. अँड्रॉइडवर असं ॲप शोधा, ज्याच्या सेटिंगमध्ये माईकचा स्रोत निवडता येतो आणि त्यात प्रक्रिया न केलेला असा पर्याय आहे. ही सोय अँड्रॉइड ७ पासून आहे, पण प्रत्येक फोन ती देतोच असं नाही. आयफोनच्या व्हॉइस मेमोजमध्ये दर्जा 'लॉसलेस' करून घ्या. रील्ससाठी विकले जाणारे बरेच स्वस्त वायरलेस माईक ही पुसापुशी आवाज फोनपर्यंत पोचण्याआधीच करतात, तिथे ॲप बदलून काही होत नाही. मुलाखतीला ते चांगले. पावसाला मुळीच नाहीत.

ब्लूटूथ हेडसेटवरून निसर्गाचे आवाज टिपण्याचा विचार सोडून द्या. बोलण्याच्या मार्गावर त्याचा नमुनादर (आवाज सेकंदाला किती वेळा मोजला जातो तो आकडा) बहुतेक वेळा ८ किंवा १६ किलोहर्ट्झ असतो, म्हणजे ध्वनीतला ४ किंवा ८ किलोहर्ट्झच्या वरचा भाग फाइलमध्ये येतच नाही. रातकिड्यांची आणि बारीक पाखरांची निम्मी मजा त्याच्या वर असते.

वाऱ्याला स्पंज पुरत नाही

माईकबरोबर मिळणारी काळी स्पंजची टोपी 'प' आणि 'फ' थोपवते. टेकडीवरचा वारा ती थोपवू शकत नाही. तिच्या भरवशावर सिंहगडावर गेलात तर घरी आणाल ती नुसती भडभड. ही भडभड नंतर कॉम्प्युटरवर काढू, असंही मनात धरू नका. वाऱ्याच्या झोताने आवाजाची पातळी एकदा कमाल मर्यादेवर आदळली की त्या क्षणीचं बाकी सगळं गेलं. फिल्टर लावून ते परत मिळत नाही.

केसाळ कव्हर लागतं आणि ते घरी बनवता येतं. खेळण्यांसाठी मिळणारं लांब केसांचं कापड घ्या, पण दुकानातच त्याची मागची बाजू ओठांना लावून फुंकून बघा. हवा आरपार जायला हवी. पाठ रबरी किंवा घट्ट विणीची असेल तर वाऱ्याबरोबर आवाजही अडेल आणि सगळं कांबळ्याखालून आल्यासारखं ऐकू येईल. कापड आणि माईक यांच्यात हवेची पोकळी ठेवली की फरक खूप पडतो. त्यासाठी चहाच्या दोन स्टीलच्या गाळण्या तोंडाला तोंड लावून तारेने बांधा, आत माईक लटकवा आणि वरून केसाळ कापड चढवा. मी पाहिलेल्या घरगुती उपायांत हा सगळ्यात भरवशाचा.

पावसात अडचण वेगळी असते. छत्रीखाली उभे राहिलात तर छत्रीचाच आवाज येतो. पडवीत, पागोळ्यांपासून दोन-तीन हात आत माईक ठेवा. उघड्यावरच ठेवायचा असेल तर वर काथ्याचा सैल विणीचा तुकडा ताणून बांधा, म्हणजे थेंब त्यात फुटतात आणि 'टप्' असा ठोका बसत नाही.

लांबचं जवळ आणायला लांब माईक

लांबुळका शॉटगन माईक दूरचा आवाज ओढून आणतो, हा गैरसमज पार हाडीमांशी खिळलाय. तो काहीही ओढून आणत नाही, फक्त बाजूचं थोडं कमी करतो. तेही वरच्या पट्टीतलं, खालची घरघर त्याला बाजूनेही ऐकू येते. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, हा हिशेब कुठल्याही माईकला चुकत नाही. आहे त्या माईकसह निम्मं अंतर चालून गेलात तर तेच ६ डेसिबल फुकट मिळतात. शिवाय दिशा पकडणारे माईक वाऱ्याला आणि हाताच्या हालचालीला फार लवकर कुरकुरतात. चारी बाजूंचं ऐकणारा साधा माईक बाहेरच्या कामात जास्त सोशिक असतो.

जात्यावरच्या ओव्यांचं बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने जमलेल्या ओव्या १,००,००० हून जास्त आहेत आणि 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी ऐकता येतात. असं काही स्वतः टिपायला बसलात तर माईक जमिनीवर ठेवू नका, कारण दगडाची थरथर फरशीतून थेट वर चढते. घडी केलेल्या गोधडीवर ठेवा, बाईंच्या तोंडापासून हातभर, जात्यापासून थोडा दूर. आणि रेकॉर्डरवरचं खालचा आवाज कापणारं 'लो कट' बटण बंद ठेवा. ते गोंगाटासाठी आहे, पण इथे जात्याची घरघर हाच ठेका आहे.

'सूं' आवाज मोजायचा कसा

प्रत्येक माईकचा स्वतःचा एक बारीक 'सूं' असतो. डब्यावर एसएनआर (मूळ आवाज माईकच्या 'सूं'पेक्षा किती डेसिबल वर आहे तो आकडा) लिहिलेला असेल तर तो आकडा ९४ मधून वजा करा, उरेल तो माईकचा स्वतःचा आवाज. ६५ असेल तर २९ डेसिबल, ८० असेल तर १४. बाजाराला, मुलाखतीला, ढोलताशाला २९ चालून जातो. पहाटे दूरवर शीळ घालणाऱ्या कस्तुर पक्ष्याला नाही. प्रिमो या जपानी कंपनीची ईएम२७२ ही मण्याएवढी कॅप्सूल (माईकमधला आवाज टिपणारा भाग) १४ च्या आसपास आहे. डाख द्यायला, म्हणजे सोल्डरिंगला, हात सरावलेला असेल तर थोड्या पैशात उत्तम माईक घरी होतो.

पण 'सूं' माईकचा की रेकॉर्डरचा? गाण्याचा डायनॅमिक माईक मुळातच सिग्नल फार कमी देतो. मांडवातला चांगला अहुजा माईक स्वस्त रेकॉर्डरला लावून रानातली शांतता टिपायला गेलात तर गेन (आवाज वाढवण्याची पातळी) पूर्ण चढवावा लागतो आणि ऐकू येतो तो रेकॉर्डरचा फसफसाट. रात्री पंखा बंद करून माईक गाद्यांच्या कपाटात ठेवा आणि एक मिनिट रेकॉर्ड करा. मग तोच माईक दुसऱ्या यंत्राला लावून पुन्हा. 'सूं' बदलला तर दोष यंत्राचा.

'सूं'ऐवजी जाड 'हम्म' येत असेल तर चार्जर काढा. आपली वीज ५० हर्ट्झची. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ५०, १००, १५० वर ठळक रेघा दिसल्या की ती विजेचीच. मधूनच 'टकटक-टर्र' आलं तर तो मोबाइलचा सिग्नल. फोन एअरप्लेन मोडवर टाका.

तुलना करताना

दोन माईकमधला जो जरा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. हे अनुभवी कानांनाही फसवतं. म्हणून दोन्ही शेजारी-शेजारी, एकाच वेळी, एकाच आवाजासमोर ठेवा, फाइली ऑडॅसिटीत आणून सारख्या पातळीला करा, आणि मगच ठरवा. फाइलींना क आणि ख अशी नावं देऊन दुसऱ्या कुणाला वाजवायला सांगितलंत तर उत्तमच. महागडा कुठला ते माहीत असलं की कान आपोआप झुकतात.

रेकॉर्डिंग वेव्ह (.wav) या न पिळलेल्या फाइलीत करा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ म्हटलं तर तासाला साधारण १ जीबी जागा जाते, आणि आता कार्ड स्वस्त आहेत. तुलनेची फाइल व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवून मित्राचं मत विचारू नका, तिथे ती इतकी पिळली जाते की दोन्ही माईक सारखेच वाटतात. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

परत कधी पाठवायचा

कोकणात किंवा घाटात एसी गाडीतून उतरून लगेच माईक लावला तर आत दव धरतं आणि 'कट्-कट्' असे आवाज येतात. हा बिघाड नाही. सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. हेअर ड्रायर लावू नका, गरम हवेने कॅप्सूल खराब होते.

हे सगळं करूनही खरखर राहिली, तर पिनेपाशी वायर हलकेच वाकवा. वाकवल्यावर आवाज तुटत असेल तर आतला सांधा सुटलाय. कोरड्या माईकची 'कट्-कट्' दुसऱ्या फोनवरही तशीच राहत असेल, किंवा त्याच मॉडेलच्या दुसऱ्या माईकपेक्षा आवाज अगदीच हळू असेल, तर तुमचा नग सदोष आहे. गाद्यांच्या कपाटातली ती एक मिनिटाची फाइल सोबत जोडा आणि मुदत संपायच्या आत बदलून मागा.