गल्ल्यावर बसताना खरं कसं बोलावं

अंबाजोगाईत मिरची कांडपाचं दुकान चालवतेय, त्याला चौदा वर्षं झाली. नवा धंदा मांडलेल्या बायका विचारतात, "अक्का, गिऱ्हाइकाशी कायम हसून बोलायचं तुम्हाला जमतं कसं?" मला नाही जमत. तुम्हीही जमवायला जाऊ नका.

चैत्र-वैशाखात दिवसभर डंक, म्हणजे कांडपाचं यंत्र, चालू असतो, तिखटाचा खकाणा नाकात आणि दारात डब्यांची रांग. अशात सासू दवाखान्यात असेल आणि तोंडावर हसू ओढून बसलं, तर माप हमखास चुकतं. म्हणून सरळ सांगायचं, "आज माझं ध्यान ठिकाणावर नाही, काट्याकडं तुम्हीपण बघा." पहिल्यांदा म्हणलं तेव्हा जीभ अडखळली होती. त्या बाईनं आधी काटा बघितला, मग सासूची चौकशी केली. पण तेवढंच सांगायचं. घरचं रामायण गल्ल्यावर लावायचं नाही, रांगेतल्या बाईला ऊन लागत असतं.

चूक झाली तर फोन करू नका, घरी जा. एका अवकाळीच्या साली भिजलेली मिरची मी नीट न वाळवताच कांडली. वाळलेली मिरची मोडताना कट्टकन वाजते. ही वाकत होती, मला दिसलंही होतं, पण घाई होती. आठ दिवसांत तिखटाचे गोळे झाले, कुबट वास सुटला. सहा घरं होती, सहाही ठिकाणी नवं तिखट घेऊन गेले. फोनवर "हवाच तशी होती" असं सहज निघून जातं, उंबऱ्यात उभं राहिलं की नाही निघत. काय झालं, मी कुठं चुकले, बदल्यात काय देते, एवढंच बोलायचं. दोन घरं नंतर आली नाहीत. त्यांच्या मागं लागले नाही.

सगळ्यात अवघड उधारी. दिवाळी सरली की आमच्याकडची ऊसतोडीची जोडपी कारखान्याला निघतात आणि पाच-सहा महिन्यांचं तिखट, काळा मसाला एकदमच नेतात. मुकादमानं दिलेली आगाऊ उचल आधीच वाटली गेलेली असते. पूर्वी मी "बघू, देताल" म्हणायचे आणि आतल्या आत चिडायचे. मग गुढीपाडव्यानंतर ती माघारी आली की बाजारात ती मला तोंड चुकवायची आणि मी त्यांना. आता हंगामाआधीच, किती उधारी झेपेल तो आकडा वहीत लिहिते. तो भरला की म्हणते, "माय, माझीच मिरची मोंढ्यातल्या व्यापाऱ्याकडून उधारीवर आलीय. दोन किलो न्या, पाच नाही जमायचं." हे कारण खरंच असायला पाहिजे, कारण मोंढ्यातले हमाल त्यांच्याच गावचे असतात.

आणि दुकान कशासाठी, हे लिहून ठेवा. दिवाळी पाडव्याला नवी वही पूजताना "श्री"च्या खाली एकच ओळ. माझी होती, "थोरलीचं नर्सिंग, आणि येसूर आईच्या चवीचा." बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ भाजून मसाल्याबरोबर दळायची, तो येसूर, पंगतीतल्या आमटीला लागतो. आमच्या गावची योगेश्वरी देवी कोकणातल्या कितीतरी घरांची कुलदेवता, दर्शनाला आलेली ती मंडळी म्हणतात, तिखट जरा कमी करा आणि पुडी चांगली बांधा. पुडी बदलली. तिखट तेवढंच आहे.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगाची केंद्राची योजना २०२० साली आली, त्यात ३५ टक्के अनुदान. सगळे म्हणाले, दळायचं मोठं यंत्र, पल्व्हरायझर घ्या. पण उरलेले ६५ टक्के कर्जाचे आणि पदरचेच की! शिवाय त्याच्या वेगानं मिरची तापते, रंग आणि वास दोन्ही उतरतात. वही उघडून ती ओळ वाचली आणि भाजणीचं यंत्र घेतलं, कारण चुलीपुढं पाठ मोडत होती आणि येसूर तर भाजणीवरच असतो. डंक जुनाच आहे, खडखडतो लई.

गेल्या दिवाळी पाडव्याला थोरलीचं नर्सिंग झालं म्हणून ओळीतलं तेवढं खोडलं. त्या जागी काय लिहायचं ते सुचेना. धाकटा म्हणाला, "माझी गाडी लिही." जागा अजून मोकळीच आहे.