घटस्फोटाची वाटणी: सहीआधी जामीनकी सोडवा

आधार, लग्नाचा दाखला, पासबुकं, आयकराची विवरणपत्रं वकील मागतातच, त्यावर वेळ घालवत नाही. आधी एक शोधा: तुम्ही जोडीदाराच्या कोणकोणत्या कर्जाला जामीन आहात? माझ्या वेळी हेच राहिलं. दागिने, घर, ठेवी सगळं वाटून झालं आणि नंतर पतसंस्थेची नोटीस माझ्या नावाने आली.

दागिन्यांचं मनावर घ्या. साज, ठुशी, पुतळ्या, प्रत्येकाचं वजन, गुजरीतली म्हणजे सराफाची पावती, लग्नातला फोटो. जुना मोडून नवा केला असेल तर मोडीची पावतीसुद्धा. स्त्रीधन बाईचं एकटीचं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलंय. ते पोटगीत वळतं करू देऊ नका, कुणी कितीही गोड बोललं तरी.

घराचं निम्मं-निम्मं होईल असं धरून चालू नका. तसा कायदा गोव्यात आहे, आपल्याकडे महाराष्ट्रात नाही. म्हणून हप्ते कुणाच्या खात्यातून गेले, सुरुवातीची रक्कम कुणाच्या माहेरून आली, याचे बँकेचे उतारे काढा. शेती असेल तर सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ वाचा, विकास सोसायटीचा बोजा तिथेच असतो. साखर कारखान्याचे शेअर्स, दूध संस्थेतली ठेव आणि भिशी यादीत घ्या. भिशीला कागद नसतो, म्हणून तीच आधी लपवली जाते.

आता परत जामीनकी. ‘कर्ज तो फेडेल’ असं संमतीच्या अटींत लिहिलं की सुटलो, असं वाटतं. तसं नसतं. पतसंस्था तुमच्या खटल्यात पक्षकार नसते, त्यामुळे तुमचा हुकूमनामा तिला बांधत नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला की तुमच्या पगारावरही येतं. सिबिलच्या अहवालावर (तुमच्या कर्जांच्या नोंदींवर) विसंबू नका, पतसंस्थेचं कर्ज त्यात दिसेलच असं नाही. माहीत असलेल्या प्रत्येक पतसंस्थेत आणि बँकेत स्वतः जा, ‘मी कुठल्या कर्जाला जामीन आहे’ असा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दुसरा जामीनदार लावा आणि संस्थेने तो लेखी मान्य केल्याचं पत्र घ्या, नाहीतर कर्ज भरून बेबाकी दाखला (काही बाकी नसल्याचा) काढा. तोंडी ‘झालं ताई, बदललं’ चालत नाही.

राहिलेलं पटापट. घर एकाच्या नावावर करायचं असेल तर बक्षीसपत्र निकालाआधी करा, मुद्रांक शुल्काची सवलत पती-पत्नीच्या नात्याला आहे. अटींत खाते क्रमांक, रकमा, तारखा लिहा. पीएफ, विमा, ठेवींचे नॉमिनी बदला. असलेला लॉकर दोघांनी हजर राहून उघडा. संयुक्त खातं बंद करा.

संमतीच्या घटस्फोटातली सहा महिन्यांची मुदत कोर्ट माफ करू शकतं. जामीनकी सुटली नसेल तर ती माफी मागू नका, ते महिने त्यासाठीच वापरा. मुदतीनंतर कोर्टात द्यायच्या दुसऱ्या अर्जावरची सही पत्र किंवा दाखला हातात आल्यावरच.