नव्या सुपरवायझरांना खडकीच्या वॉर सिमेट्रीत कसं न्याल

लीडरशिपचं ट्रेनिंग म्हटलं की आमच्याकडे लोणावळ्याचं रिसॉर्ट ठरलेलं. डोळ्यांवर पट्टी बांधून एकमेकांच्या अंगावर पडायचं, रात्री जेवण, सकाळी सर्टिफिकेट. मी भोसरीत एका कारखान्यात पर्सोनेल सांभाळते. त्या पट्टीमुळे कोणाचा सुपरवायझर सुधारल्याचं अजून तरी पाहिलेलं नाही. म्हणून मी त्यांना पुण्यात खडकीला, मुळा रोडवरच्या वॉर सिमेट्रीत, म्हणजे युद्धात मेलेल्या सैनिकांच्या दफनभूमीत नेते. तुम्हालाही न्यायचं असेल तर असं करा.

सात-आठ जणांपेक्षा जास्त नकोत. सकाळी लवकर जा, उन्हं चढली की लक्ष घड्याळाकडे जातं. सेल्फी आणि हिरवळीवर डबे उघडणं दोन्ही नाही, हे निघण्याआधीच बजावा. ती दफनभूमी आहे. आत गेल्यावर लगेच भाषण सुरू करू नका. आधी कामाला लावा.

पहिलं काम म्हणजे एक अधिकारी आणि एक साधा शिपाई शोधून त्यांचे दगड शेजारी शेजारी असल्यासारखे ताडून बघायचे. दुसऱ्या महायुद्धातल्या 1,668 कबरी इथे आहेत, तेव्हा शोधायला वेळ द्या. वर पलटणीचं चिन्ह, मग हुद्दा, नाव, तारीख, वय. पोरं बराच वेळ फरक हुडकतात. दगड तेवढाच, अक्षरं तेवढीच. एखादा हुशार निघतो आणि म्हणतो, ‘मॅडम, शिपायाला नंबर आहे, साहेबाला नाही.’ बरोबर. पण साहेबाला मोठा दगड नाही, हे इथे महत्त्वाचं.

आता बोला. फेबियन वेअर नावाचा इंग्रज माणूस 1914 साली, पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा, पंचेचाळिशीचा होता, म्हणजे सैन्यात घेण्याच्या वयापलीकडे. रेडक्रॉसच्या मोटारींची तुकडी घेऊन तो फ्रान्सला गेला आणि त्याच्या लक्षात आलं की कोण कुठे पुरलं गेलंय याची धड नोंद कोणीच ठेवत नाही. ते काम त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. त्याने सुरू केलं, 1915 मध्ये लष्कराने त्याला मान्यता दिली आणि 1917 साली त्यातून युद्धातल्या कबरी सांभाळणारं अख्खं कमिशन उभं राहिलं. आपल्या सुपरवायझरांना इथे एकच विचारा: तुमच्या खात्यात कोणाचंच नसलेलं काम कोणतं? उत्तरं ऐकून घ्या, वाद घालू नका.

मग ग्लॅडस्टन. इंग्लंडच्या माजी पंतप्रधानांचा नातू एप्रिल 1915 मध्ये फ्रान्समध्ये मारला गेला, आणि वजन वापरून त्याचा मृतदेह मायदेशी नेला गेला. बाकीच्यांच्या आयांनी काय करायचं? त्यानंतर मृतदेह परत नेण्यावर बंदी आली, ती श्रीमंतालाही आणि गरिबालाही. पुढे सगळ्यांना एकसारखा दगड, हा नियम ठरला तेव्हा विरोध कमी झाला नाही. हजारो सह्यांचा अर्ज झाला, 4 मे 1920 ला ब्रिटिश संसदेत चर्चा झाली. कमिशन मागे हटलं नाही. मात्र दगडाच्या तळाशी घरच्यांना स्वतःची एक ओळ घालू दिली, मोकळ्या जागा धरून 66 अक्षरं. आधी अक्षरामागे साडेतीन पेन्स मागत होते, नंतर पैसे ऐच्छिक केले. नियम ताठ ठेवून माणसाला जागा कुठे द्यायची, याचा इतका नेमका नमुना मला मॅनेजमेंटच्या पुस्तकात सापडलेला नाही. सगळ्यांना एकेका दगडाची तळातली ओळ वाचायला लावा. काहींवर ओळ नाहीच. तेही बघू द्या.

इथवर सगळे खूश असतात. थांबू नका, खरी गोष्ट पुढेच आहे.

याच आवारात 193 पूर्व आणि पश्चिम आफ्रिकी सैनिकांचं स्मारक आहे. भारतात मेले, पण त्यांच्या कबरी एक तर सापडल्या नाहीत किंवा राखता येण्याजोग्या नव्हत्या. तिथे उभं राहून इराकमधल्या बसऱ्याबद्दल सांगा. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचं नावच पूना डिव्हिजन होतं, त्यात मराठा पलटणी होत्या, कुतच्या वेढ्यात त्या उपाशी लढल्या. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली. हिंदुस्थानी शिपायांचा मात्र पलटणीगणिक आकडा लिहिला. इतके मेले, बस्स. सगळे सारखे, हा नियम करणारं कमिशन हेच. 2021 मध्ये त्यांच्याच समितीने हे मान्य केलं की निदान 1,16,000 जण, बहुतेक आफ्रिकी आणि मध्यपूर्वेतले, एक तर नावानिशी नोंदले गेले नाहीत किंवा अजिबातच नोंदले गेले नाहीत. कमिशनने माफी मागितली. शंभर वर्षांनी.

नियम वाईट नव्हता. तो कोणाला लागू, हे ठरवणाऱ्याच्या नजरेत काही माणसं आलीच नव्हती. एवढं म्हणून गप्प बसा. कोणी ‘पण त्या काळी...’ सुरू करेल, करू द्या.

परतल्यावर चहा झाला की प्रत्येकाला कोरा कागद द्या. त्याच्या लाईनवरच्या कंत्राटी कामगारांची नावं आठवून लिहायची. कायम कामगारांची सगळ्यांना येतात, ती नकोत. शेजारी कुजबुज होणार, ‘तो उंच यूपीवाला’, ‘ती गोदरेजच्या कपाटाजवळची बाई’. असं लिहिलेलं चालणार नाही.

कागद तुम्ही जमा करू नका, नाहीतर ती परीक्षा होते आणि पुढच्या वेळी कोणी खरं लिहीत नाही. ठेकेदाराचं मस्टर टेबलावर ठेवा, ज्याचं त्याने ताडून बघावं. जी नावं राहिली, ती दुपारच्या शिफ्टला लाईनवर जाऊन, ज्याची त्यालाच विचारून यायची.