कोरियावरची जपानी राजवट: वादविवादाला उभं राहण्याआधी

‘जपानी राजवटीने कोरियाचा विकास झाला’ असा विषय निघाला की एक बाजू रेल्वे-कारखाने मोजते आणि दुसरी अत्याचार. दोन्ही खरंच, म्हणून वाद जागचा हलत नाही. पहिल्याच मिनिटात विषय फोडा: विकास कोणाचा, आणि त्याचा हिशेब कोणाच्या वहीत?

तारखा पाठ हव्यात. १९०५ ला कोरिया जपानचं संरक्षित राज्य झालं, १९१० ला जपानमध्ये विलीनीकरण, १५ ऑगस्ट १९४५ ला शेवट (ही शेवटची आपल्याला विसरणं कठीणच). सोल-बुसान रेल्वे १९०५ चीच, म्हणजे विलीनीकरणाआधीची. तिला १९१० नंतरची म्हणालात की खंडनात तिथेच पकडले जाल.

अनुकूल बोलणाऱ्याने १९१० ते १९१८ ची जमीनमोजणी, उत्तर कोरियातल्या हंगनामचा खत कारखाना घ्यावा, पण अत्याचार नाकारू नयेत. नाकारले की परीक्षकाची पेन्सिल थांबते.

प्रतिकूल बाजूचं सर्वांत भक्कम हत्यार तांदूळ. १९२० पासून उत्पादनवाढीची योजना राबवली गेली, पीक वाढलंही. पण जपानला जाणारा तांदूळ त्याहून जास्त वाढला. कोरियन ताटातला भात कमी झाला आणि मांचुरियातून राळा आला. यावर दीड मिनिट खर्च करा, घाई नको. पिकवणाऱ्याच्या घरी राळा शिजतो, हे चित्र आकड्यांच्या रांगेपेक्षा जास्त काम करतं.

नागपूरकर स्पर्धक हमखास इथलं उदाहरण देतो: १८६७ ला रेल्वे आली आणि वऱ्हाड-नागपूरचा कापूस मुंबई बंदराकडे निघाला. उदाहरण चांगलं आहे, पण दुधारी. समोरचा लगेच १८७७ ची एम्प्रेस मिल काढेल, ती तर टाटांची, म्हणजे भारतीय भांडवलाची. उत्तर तयार ठेवा: कोरियात मोठ्या उद्योगाचं बहुतांश भांडवल जपानी होतं. तरीही १९१९ ची ग्यॉन्गसॉन्ग कापडगिरणी कोरियन भांडवलाची होती, म्हणून ‘सगळं’ हा शब्द तोंडात येऊ देऊ नका.

‘दक्षिण कोरियाची आजची भरभराट जपानमुळे’ हा दावा सहज मोडतो. जड उद्योग मुख्यतः उत्तरेत, म्हणजे आजच्या उत्तर कोरियात होता, त्यात १९५०-५३ च्या युद्धाचा विध्वंस. जपान-दक्षिण कोरिया यांच्या १९६५ च्या करारातले ३० कोटी डॉलर अनुदान आणि २० कोटींचं कर्ज पुढे केलं जाईल. त्यातला काही पैसा पोहांगच्या पोलाद कारखान्यात गेला हे मान्य करा आणि सांगा की तो राजवट संपल्यावर २० वर्षांनी आला.

जपानी सैन्याच्या वेश्यागृहांत डांबलेल्या स्त्रियांचा मुद्दा टाळ्यांसाठी वापरू नका. संख्येवर वाद आहे, तिथे अडकू नका. १९९३ च्या कोनो निवेदनात जपान सरकारनेच लष्कराचा सहभाग मान्य केला, तेवढं पुरेसं आहे.

विषय ‘राजवट बेकायदा होती’ असा असेल तर तांदूळ बाजूला ठेवा. तिथे १९६५ च्या कराराचं दुसरं कलम उघडा: जपान आणि कोरिया यांच्यातले १९१० पर्यंतचे करार ‘आधीच रद्दबातल’. कोरिया म्हणतो, पहिल्या दिवसापासून. जपान म्हणतो, तेव्हा वैध होते, नंतर रद्द झाले. सगळा वाद ‘आधीच’ या एका शब्दावर फिरतो.