मेंदूला दिलेली वीज कोणत्या चेतापेशींवर काम करते, हे नोंदीतील आकड्यांवरून कसे ओळखावे

पार्किन्सनच्या रुग्णावर डीबीएसची, म्हणजे मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवण्याची, शस्त्रक्रिया झाली की यंत्राच्या नोंदीत तीन आकडे हमखास दिसतात : समजा, विद्युतप्रवाह ३ मिलिअँपिअर, प्रत्येक स्पंदाचा (विजेच्या ठोक्याचा) कालावधी ६० मायक्रोसेकंद आणि वारंवारिता, म्हणजे सेकंदाला किती स्पंद, १३० हर्ट्झ. वीज कोणत्या पेशींपर्यंत आणि पेशीच्या कोणत्या भागापर्यंत पोहोचली असावी, याचा बराचसा अंदाज या आकड्यांवरून बांधता येतो. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी तो बांधायला शिकावे, आणि रुग्णाच्या नातेवाइकांनीही डॉक्टरांशी नीट बोलता यावे म्हणून तो समजून घ्यावा. यंत्रातील आकडे बदलणे मात्र सर्वस्वी डॉक्टरांवरच सोपवावे.

सुरुवातीलाच एक समज मनातून काढून टाकावा, तो म्हणजे इलेक्ट्रोडच्या भोवतालच्या सर्व पेशी सारख्याच जाग्या होतात हा. कमीत कमी विजेला प्रतिसाद देतो तो पेशीकाय (पेशीचा मुख्य भाग) नव्हे, तर अक्षतंतू (पेशीचे संदेश बाहेर नेणारा लांब धागा). अक्षतंतूचा प्रारंभीचा भाग आणि त्यावरील मायलिन या स्निग्ध आवरणातील उघडे सांधे येथे सोडियमच्या वाहिका दाटीने असतात, त्यामुळे संदेशाची ठिणगी तेथेच आधी पडते. चेताशास्त्रज्ञ जेम्स रँक यांनी १९७५ मध्ये उपलब्ध प्रयोगांचा आढावा घेऊन हा मुद्दा ठामपणे मांडला होता. याचा व्यवहारातील अर्थ महत्त्वाचा आहे : इलेक्ट्रोडला अगदी लागून असलेली पेशी गप्प राहू शकते, आणि जिचा तंतू केवळ तेथून जात आहे अशी दूरची पेशी उत्तेजित होऊ शकते. म्हणून नोंद वाचताना इलेक्ट्रोड कोणत्या केंद्रात आहे एवढेच न पाहता त्या केंद्राच्या शेजारून कोणते तंतू जातात, हेही शरीररचनेच्या नकाशावर पाहावे.

त्यानंतर स्पंदाचा कालावधी पाहावा, कारण पेशीचा कोणता भाग उत्तेजित होणार हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो. लागणाऱ्या किमान विजेच्या दुप्पट वीज दिली असता जेवढ्या वेळात प्रतिसाद मिळतो, त्या वेळाला क्रोनॅक्सी म्हणतात. मायलिनयुक्त जाड तंतूंसाठी ती साधारण ३० ते २०० मायक्रोसेकंद, तर पेशीकाय आणि वृक्षिका (संदेश घेणाऱ्या फांद्या) यांच्यासाठी साधारण १ ते १० मिलिसेकंद असते. ६० मायक्रोसेकंदांचा स्पंद त्यामुळे प्रामुख्याने जाड तंतूंवर काम करतो. कालावधी वाढवत नेला की बारीक तंतू आणि इतर भागही त्यात ओढले जातात. विद्युतप्रवाह वाढवला तर परिणामाचा घेर रुंदावतो, पण अंतर दुप्पट झाले की तंतूला उत्तेजित करण्यासाठी लागणारी वीज जवळजवळ चौपट होते, त्यामुळे हा घेर सहसा काही मिलिमीटरपलीकडे जात नाही.

वारंवारितेकडे येताना अधिक काळजीपूर्वक विचार करावा लागतो. ग्रनोबलमधील शल्यचिकित्सक आलिम-लुई बेनाबिद यांच्या गटाने १९८७ मध्ये दाखवले की थॅलॅमस या मेंदूच्या खोल भागातील ठरावीक केंद्राला १०० हर्ट्झच्या आसपास वीज दिल्यास कंप थांबतो. तेथील ऊतक जाळल्यावर मिळणारा परिणाम विजेनेही मिळत असल्याने वीज पेशींना बंद पाडते, असा निष्कर्ष तेव्हा स्वाभाविक वाटला. प्रत्यक्षात दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. सबथॅलॅमिक केंद्रात (थॅलॅमसखालचे, पार्किन्सनमध्ये इलेक्ट्रोड बसवण्याचे एक ठिकाण) बाहेरून येणाऱ्या तंतूंची टोके उत्तेजित होऊन गाबा हे प्रतिबंधक रसायन सोडतात, त्यामुळे तेथील पेशीकाय शांत होते. पण त्याच पेशीचा बाहेर जाणारा अक्षतंतू स्पंदांच्या तालावर संदेश पाठवत राहू शकतो. म्हणून ‘पेशी बंद झाली’ असे विधान वाचले की पेशीकाय की अक्षतंतू, हा प्रश्न अवश्य विचारावा.

पेशींच्या प्रकारांतील फरक क्षीण विद्युतक्षेत्रात अधिक स्पष्ट दिसतो. डोक्यावर इलेक्ट्रोड ठेवून १ ते २ मिलिअँपिअर सतत वीज दिली, तर मेंदूतील क्षेत्र बहुधा प्रतिमीटर १ व्होल्टपेक्षाही कमी असते. त्याने शांत पेशीत नवा संदेश उमटत नाही. पेशीपटलावरील विद्युतदाब मिलिव्होल्टच्या अंशाने सरकतो. पिरॅमिडल पेशीची (मेंदूच्या बाह्य थरातील उत्तेजक पेशीची) लांब वृक्षिका क्षेत्राच्या दिशेत असेल तर हा बदल तुलनेने मोठा असतो, तर चहूबाजूंनी सारख्या पसरलेल्या प्रतिबंधक पेशीत तो कमी राहतो. प्रत्यावर्ती, म्हणजे ठरावीक तालाने दिशा बदलणाऱ्या, क्षेत्राबाबत २०२४ मध्ये ‘न्यूरॉन’ नियतकालिकात आलेला अभ्यास मला विशेष मोलाचा वाटतो, कारण त्यात उंदराबरोबर मानवी मेंदूच्या ऊतकातील पेशीही तपासल्या होत्या. पिरॅमिडल पेशी मंद आणि जलद अशा दोन्ही तालांशी जुळल्या. पार्व्हाल्ब्युमिन आणि सोमॅटोस्टॅटिन (पेशीतील रेणूंवरून पडलेली नावे) या गटांतील प्रतिबंधक पेशी मुख्यतः जलद तालाशी जुळल्या. पटलावरील विद्युतदाबाचे सरकणे सर्वच प्रकारांत होते. तालाची निवड पेशीच्या स्वतःच्या उत्तेजनक्षमतेवर अवलंबून होती. तेव्हा अशा उपचाराचा दावा वाचताना मिलिअँपिअरइतकेच हर्ट्झकडेही लक्ष द्यावे.

अंदाज पडताळण्याचा सर्वांत विश्वासार्ह मार्ग म्हणजे रुग्णाचे निरीक्षण. सबथॅलॅमिक केंद्राजवळ प्रवाह थोडाथोडा वाढवताना ओठाचा कोपरा ओढला गेला किंवा बोलणे जड झाले, तर वीज बाहेरच्या बाजूच्या इंटर्नल कॅप्सूलमधील (स्नायूंकडे संदेश नेणाऱ्या तंतूंच्या जुडीतील) तंतूंपर्यंत पोहोचली असे समजावे. हातात मुंग्या येऊन टिकून राहिल्या तर संवेदनांचे तंतू, आणि डोळा आत वळला तर नेत्रचालक चेतेचे तंतू संशयित असतात. अशा वेळी डॉक्टर प्रवाह कमी करतात, इलेक्ट्रोडवरील दुसरा संपर्कबिंदू निवडतात किंवा स्पंद आखूड करतात.

नातेवाइकांनी प्रत्येक बदलानंतर तारीख, वेळ आणि औषधाची मात्रा यांसह लक्षणे लिहून ठेवावीत. कंप काही सेकंदांत ते मिनिटांत कमी होतो, चालण्यातील सुधारणेला तास किंवा दिवस लागू शकतात, आणि डिस्टोनियात (स्नायू आपोआप आखडण्याच्या विकारात) तर आठवडे-महिने वाट पाहावी लागते; तेथे पेशींची जोडणीच हळूहळू बदलत असल्याने पहिल्या दिवशीच्या नोंदीवरून उपचार फसला असे ठरवू नये.