दिवा लागला, पण यंत्र दिसेना: आयपी आणि सबनेट मास्कचा हिशेब

नवी मुंबईतल्या रबाळे, महापे भागातल्या एमआयडीसीत नवीन पीएलसी (यंत्रं चालवणारा नियंत्रक) पॅनल, वजनकाटा किंवा लेबल प्रिंटर येतो. लॅन केबल लागते, पोर्टवरचा दिवा लुकलुकतो, तरी संगणकावर यंत्र सापडत नाही. दिवा एवढंच सांगतो की केबल शाबूत आहे. यंत्र समजा बनवणाऱ्या कंपनीतून १९२.१६८.०.१ हा आयपी पत्ता (नेटवर्कवरची ओळख) घेऊन आलंय आणि ऑफिसचा राउटर १९२.१६८.१.१ वर आहे. एकाच आकड्याचा फरक, पण नेटवर्क वेगळं. एका यंत्रासाठी राउटरची सेटिंग मात्र हलवू नका. बाकीचे सगळे प्रिंटर रुसतील.

नवी मुंबईत प्लॉट ५ बऱ्याच सेक्टरांत सापडेल, म्हणून पत्त्यात सेक्टर लागतोच. आयपीचंही तसंच. त्यातला सेक्टर किती आणि प्लॉट किती, हे आयपीसोबत भरायचा सबनेट मास्क ठरवतो. २५५.२५५.२५५.० म्हणजे पहिले तीन आकडे सेक्टर, शेवटचा प्लॉट. ० हे नेटवर्कचं नाव आणि २५५ ब्रॉडकास्टसाठी (सगळ्यांना एकदम हाक मारण्यासाठी) राखीव, म्हणून वापरायला २५४ पत्ते उरतात.

मास्क २५५.२५५.२५५.१९२ असेल तर २५६ मधून १९२ वजा करा: ६४. म्हणजे ०, ६४, १२८, १९२ पासून चार गट पडतात आणि प्रत्येकात ६२ पत्ते वापरता येतात. इथे शेवटचा आकडा .६० आणि .७० असलेली यंत्रं दिसायला शेजारी, पण त्यांची गाठ राउटरशिवाय पडत नाही.

आता काम. ऑफिसच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) चालवून पत्ता, मास्क आणि डीफॉल्ट गेटवे (बाहेर जायचं दार, म्हणजे राउटरचा पत्ता) लिहून घ्या. मग राउटरच्या पानावर डीएचसीपीची (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीची) रेंज पाहा. ती १०० ते १९९ असेल तर यंत्राला २०१ द्या, रेंजमधला पत्ता नको. नाहीतर उद्या तोच कुणाच्या तरी मोबाइलला मिळेल आणि यंत्र मधूनच गायब होऊ लागेल. २०१ मोकळा आहे का, हे पिंग करून (त्या पत्त्याला हाक मारून) बघा, पण त्यावर विसंबू नका: बंद पडलेलं यंत्र पिंगला उत्तर देत नाही आणि काही फायरवॉलही देऊ देत नाहीत. पिंगनंतर लगेच एआरपीची यादी (arp -a; कोणता आयपी कोणत्या यंत्राचा, याची नोंद) काढली तर गप्प बसलेलं पण चालू असलेलं यंत्रही पकडता येतं.

लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि केबल थेट यंत्राला लावा. लॅपटॉपला १९२.१६८.०.५०, मास्क २५५.२५५.२५५.० द्या, गेटवे रिकामा ठेवा. यंत्राचं पान किंवा त्याचं सॉफ्टवेअर उघडून १९२.१६८.१.२०१, ऑफिसचाच मास्क आणि गेटवे १९२.१६८.१.१ भरा. सेव्ह करताच संपर्क तुटेल. घाबरू नका, पत्ता बदलल्याचीच ती खूण. लॅपटॉप पुन्हा ऑटोमॅटिकवर आणा, यंत्र स्विचला जोडा आणि पिंग करा.

लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर त्याला डीएचसीपीकडून पत्ता मिळालेला नाही. लॅपटॉप ऑटोमॅटिकवर असेल तर थेट केबलवर तो दिसणारच. ऑफिसच्या स्विचवर दिसला तर केबल, स्विच आणि राउटर तपासा.

सगळ्यात छळतो तो चुकीचा मास्क. .२०१ च्या यंत्रावर २५५.२५५.२५५.१२८ पडला आणि संगणक .२० वर असेल, तर संगणक यंत्राला शेजारी समजून थेट पॅकेट पाठवतो. यंत्राच्या हिशेबात मात्र .२० पलीकडच्या गटात, म्हणून उत्तर ते गेटवेकडे द्यायला बघतं. गेटवे रिकामा असेल तर ते निघतच नाही. भरलेला असला तरी .१ चा गेटवेही यंत्राच्या हिशेबात पलीकडच्याच गटात, म्हणून बरीच यंत्रं तो मानतच नाहीत; मानला तरी राउटर उत्तर कधी परत वळवतो, कधी अडवतो. गंमत म्हणजे .१५० वरच्या संगणकाला तेच यंत्र व्यवस्थित दिसतं, आणि दोष विनाकारण .२० च्या माथी येतो.

प्रिंटरच्या पडद्यावर १९२.१६८.००१.०१० असं दिसलं तर संगणकावर पुढची शून्यं टाकू नका. विंडोजचा पिंग ०१० ला अष्टमान (दहाऐवजी आठच्या पटीत मोजलेला) आकडा समजतो आणि .८ ला हाक मारतो.